राउटरचं पहिलीचं पुस्तक

कळंबा, कोल्हापूर
नोव्हेंबर २००८

प्रिय विद्या,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून तू दचकशील. सासरच्या या घरातून तुला कधी पत्र आलेलं नाही, तशी वेळच आली नाही. पण खंडेनवमीपासून आपले कॅमेऱ्यावरचे रविवार बंद आहेत आणि त्याचा तू काय अर्थ लावून बसली आहेस ते मला परवा कळलं. तो अर्थ चुकीचा आहे. आम्ही नेट बंद केलं नाही, विद्या. ते बंद पडलं, आणि ते माझ्या हातून पडलं, उदबत्तीमुळं. हसू नकोस. किंवा हस, या घरात बरेच दिवस कुणी हसलेलं नाही.

झालं असं. शशी देवाघरी गेला त्या वर्षी सण केलेच नाहीत. यंदा खंडेनवमीला वाटलं, निदान हत्यारांची पूजा करावी. विळी, अडकित्ता, कोयता घासूनपुसून पाटावर मांडले, शिलाई मशीनला फूल वाहिलं, तुझ्या मामांच्या स्कूटरला हार घातला. कॉम्प्युटर आणि राउटर यांची पूजा शशी स्वतः करायचा, आम्हाला हात लावू द्यायचा नाही, हे तुला माहीतच आहे. या खेपेला मीच राउटर कपाटावरून खाली घेतला. वायरी तशाच ठेवल्या. दिवे लुकलुकत होते, म्हटलं चालू आहे तर चालूच राहू दे. विभूतीची तीन बोटं ओढली, हळद-कुंकू वाहिलं, दोन अँटेनांच्या मध्ये झेंडू ठेवला. आता उदबत्ती कुठं लावायची? केळं असलं की केळ्यात खोचतो, यंत्र असलं की यंत्राला कुठंतरी फट असतेच. डब्याच्या मागं एक बारीक भोक दिसलं, बरोबर काडी जाईल एवढं. मला खरंच वाटलं, करणाऱ्यानं सोय करून ठेवली आहे. काडी आत सारली, कट्ट असा आवाज झाला आणि ती छान घट्ट बसली. खाली राख पडू नये म्हणून बशी ठेवली. डब्याचे सगळे दिवे एकदम विझले, थोड्या वेळानं सगळे एकदम लागले. मी हात जोडले.

ते भोक डब्याची सगळी आठवण पुसून टाकण्यासाठी होतं. शशीनं त्या डब्याला जे जे शिकवलं होतं ते उदबत्ती जळेपर्यंत पार गेलं. डबा चालू होता, दिवे लागत होते, पण त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

त्याच्या आधीच्या रविवारी तू म्हणाली होतीस, आत्ती, पुढच्या रविवारी एक सांगायचंय, आज नको. मी बरं म्हटलं. आणि पुढचा रविवार आलाच नाही. तू तिकडं बेंगळूरला कॅमेऱ्यासमोर बसून राहिली असशील, शेवटी फोन केलास, आणि तो नेमका मामांनी उचलला. नेट बंद हाय, एवढं बोलून त्यांनी तो ठेवला. आता तुला त्यांचा फोनवरचा आवाज काय माहीत नाही? जन्मभर मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभं राहून ओरडलेला माणूस. ते 'जेवलीस का' विचारतात तेव्हाही भांडल्यासारखं वाटतं. पण तुला त्या दिवशी ते तसंच लागलं, आणि लागायला कारणही होतं, हे मला आता कळतंय.

त्यानंतर मी दोनदा फोन केला, आठवतंय? बरी आहेस ना, मी म्हटलं. बरी आहे आत्ती, तुम्ही? बरी. मग दोघी गप्प, आणि मग फोन खाली. मला फोनवर बोलता येत नाही, विद्या. आधी यायचं, आता येत नाही. फोनवर गप्प राहिलं की लाईन कटली असं वाटतं, माणूस हॅलो हॅलो करायला लागतं. कॅमेऱ्यावर तसं नव्हतं. तू तुझे कपडे घडी करत बसायचीस, मी इकडं तांदूळ निवडायचे, तुझा चेहरा मध्येच चौकोन-चौकोन होऊन अडकायचा आणि परत चालू व्हायचा. तासभर बसून आपण चार वाक्यंसुद्धा बोललो नसू. त्या तासावर माझा आठवडा निघायचा. हे तुला कधी सांगितलं नाही कारण सांगायची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

म्हणून मला तो डबा चालू करायचा होता. फोनवर नव्हे, समोर बसून तुझं जे काय असेल ते ऐकायचं होतं.

नाक्यावर सायबर कॅफे चालवतो तो कृष्णात, शशीचा शाळेतला दोस्त, त्याला बोलावलं. त्यानं डबा उलटापालटा केला, लॅपटॉप लावला आणि डोकं खाजवलं. "काकू, ह्यात शशीनं कंपनीचं काढून दुसरंच कायतरी घातलंय की! हे मला झेपायचं न्हाय. नवा घ्या, अर्ध्या तासात चालू करून देतो." मामा कॉटवर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "त्यो डबा हालणार न्हाय." कृष्णात म्हणाला, काका, त्यो बंद हाय. "असूदे बंद. हालणार न्हाय." कृष्णातनं माझ्याकडं बघितलं, मी चहा टाकायला आत गेले. शशी गेल्यापासून त्याच्याबद्दल मामा बोलले ते हे पहिलं वाक्य, आणि त्यातही त्याचं नाव नव्हतं.

म्हणजे नवा आणायचा नाही, आणि जुन्याला कुणी हात लावणार नाही. राहिले मी.

तुला आठवतं का, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत शशी तुला बाहेरच्या सोप्यात बसवून फर्मवेअर म्हणजे काय ते समजावत होता? डबा म्हणजे नुसता डबा, त्याच्या आतली अक्कल म्हणजे फर्मवेअर. कंपनी देते ती अक्कल बेताची असते, म्हणून जगभरच्या लोकांनी मिळून दुसरी तयार केली आहे, फुकट आणि भारी. तू तोंडात करंजी कोंबून म्हणालीस, मला नेट लागलं म्हणजे झालं. तो रुसला. मी तेव्हा तुझ्या बाजूची होते आणि अजून आहे. पण ती भारी अक्कल आता माझ्या पदरात पडली होती आणि ती कशी वापरायची ते लिहिलेलं सगळं इंग्रजीत होतं.

रोज दुपारी मामा आडवे झाले की मी कृष्णातच्या कॅफेत जाऊन बसायला लागले. शेजारी कॉलेजची पोरं, त्यांच्या मध्ये मी, नऊवारीत. इंग्रजी मला वाचता येतं. अडलं तर कृष्णातला विचारायची, त्याला अडलं तर डिक्शनरी. पण ते इंग्रजीमुळं अवघड नव्हतं, विद्या. मराठीत असतं तरी तेवढंच अवघड वाटलं असतं. पहिलं पान सुरू होतं तेच मुळी तुम्ही अमुक केलंच असेल असं धरून. अमुक कसं करायचं ते दुसऱ्या पानावर, दुसरं पान तिसऱ्याकडं बोट दाखवतं, आणि तिसरं म्हणतं पहिलं पान वाचा. एका ठिकाणी लिहिलं होतं की हे चुकलं तर तुमच्या राउटरची वीट होईल. कृष्णात म्हणाला, म्हणजे मरतो, मग त्याचा विटेएवढाच उपयोग. धमकी छान आहे, पण चुकायचं कसं टाळायचं ते काही त्या पानावर नव्हतं. आणि जागोजागी 'अर्थातच', जागोजागी 'सोपं आहे'. मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. 'सोपं आहे' हे शब्द मी वर्गात कधी काढले नाहीत. ज्याला येत नाही त्याला ते ऐकून दोनदा वाईट वाटतं, एकदा येत नाही म्हणून आणि एकदा सोपं असून येत नाही म्हणून.

मग एक दिवस मी कृष्णातला म्हटलं, माझी अडचण सरळ शोधायला टाक, भोक दाबलं, सगळं गेलं, आता काय. त्यानं टाकलं. लोक जिथं एकमेकांना प्रश्न विचारतात असं एक पान उघडलं. कुणी परदेशी आजोबा होते, त्यांच्या नातवानं भोक दाबलं होतं. अगदी माझाच प्रश्न. त्याखाली उत्तर होतं, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव होतं कळंबाकर.

कृष्णात उठून बाहेर गेला. त्याला माहीत होतं. तो शशी आहे हे मला कळायला थोडा वेळ लागला.

उत्तर असं होतं: हे शंभर वेळा विचारून झालंय. पहिल्या पानावर लिहिलंय. वाचता येतं ना?

मी ते पुन्हा वाचलं. मग खाली, मागं, त्याची आणखी उत्तरं शोधून वाचली. बरीच तशीच. ज्यांना येतं त्यांच्याशी गोड, हसरा, आपला शशी. ज्यांना येत नाही त्यांच्यावर खेकसलेला. घरात मला अव्वा अव्वा करत मागं फिरणारा, माझ्या हातातली पाण्याची बादली काढून घेणारा पोरगा, आणि तिथं एका म्हाताऱ्या माणसाला वाचता येतं ना असं विचारतो. विद्या, मला राग आला. असा राग आला की कान धरून त्याला उभा करावा. अरे बाळा, पहिल्या पानावरचं ज्याला कळत नाही तोच विचारायला येतो ना? पहिलीतलं पोर पाटी घेऊन पुढं आलं तर तुझी आई त्याला काय म्हणायची, कधी बघितलं नाहीस का?

तुला हे कळेल म्हणून लिहिते. तो गेल्यापासून मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते, भाजी आणते, धोंडुबाई शेजारून येऊन तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगते ती ऐकते, हं हं म्हणते. पण आत काही हलत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं. त्या दुपारी पहिल्यांदा काही आलं, आणि आलं ते काय, तर राग. पोटच्या मेलेल्या पोरावर. घरी येताना तळ्याच्या कडेनं आले, मुद्दाम लांबून. घरी पोचले तोवर तोही ओसरला होता. पण येऊन गेला होता हे खरं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. कृष्णातनं माझ्या वतीनं तिथं प्रश्न टाकला होता, मी कोण ते न सांगता. उत्तर आलं होतं: पहिलं पान वाचा. पण त्याच दिवशी शशीनं शेवटी शेवटी लिहिलेलं एक सापडलं. कुणा बाईला त्यानं तिथं नीट, हळूहळू, एकेक पायरीनं सांगितलं होतं, आणि खाली म्हटलं होतं की आपण सगळे फार तुटक लिहितो, नवख्या माणसासाठी कुणीतरी बसून नीट लिहायला हवं, मीच लिहीन म्हणतो, उन्हाळ्यात. तो गेला फेब्रुवारीत. ते त्यानं जानेवारीत लिहिलं होतं.

त्या बाईला सांगितलेल्या पायऱ्यांवरूनच मी पुढं गेले. मोडेम नुसती तार आणतो, त्या तारेवर आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगून दार उघडून घ्यायचं काम राउटरचं, आणि तेच तो विसरला होता, एवढं मला अखेर कळलं. नाव कुठलं, शब्द कुठला? ते टेलिफोन ऑफिसात. तिथं बिल दाखवलं, रांगेत उभी राहिले, साहेब म्हणाले, मिस्टरांना पाठवा. म्हटलं, मिस्टर गुळातले आहेत, त्यांना यातलं काय कळणार? आणलं लिहून. पहिल्या खेपेला घरी सगळं भरलं आणि जतन करायचं बटण दाबायच्या आत लाईट गेली. भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजला चिकटवलेलं आहे, पण लाईट त्याच्याही आधी गेली. त्या इंग्रजी पानावर ठळक लिहिलंय, काम चालू असताना वीज बंद करू नका. बंद कोण करतंय बाबांनो? ती आपली आपण जाते. लिहिणाऱ्याच्या गावात जात नसावी.

दुसऱ्या खेपेला लाईट येऊन स्थिर झाल्यावर बसले. मामा कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले, कशालाही शिवले नाही. डबा बराच वेळ विचार करत बसला. मग शेवटचा दिवा लागला. "लागला?" मामा म्हणाले. लागला म्हटलं. ते परत कॉटवर जाऊन बसले आणि पेपर उलटा धरून वाचायला लागले.

यावर मी मराठीत लिहून काढलंय सगळं. कृष्णातनं ते टाइप करून कॅफेत दाराशी लावलं आणि इंटरनेटवरही टाकलं. त्यात 'सोपं आहे' नाही. आधी लिहिलंय की घाबरू नका, डबा बिघडला तरी घर चालतं. मग कुठला दिवा कशाचा, मग लाईटची वेळ बघून बसा, मग एक करा आणि थांबा, काय दिसायला हवं ते सांगितलंय, आणि ते दिसलं नाही तर कुठं परत जायचं तेही. ज्याला पायरी सापडत नाही त्याला कुठंही 'आधी वाचा' म्हटलेलं नाही. भोकात उदबत्ती खोचू नये हेही लिहिलंय. कृष्णात म्हणाला, काकू हे काढा, लोक हसतील. ठेवलं. परवा चंदगडहून एका माणसाचा फोन आला कृष्णातला, भोक उदबत्तीसाठीच आहे असं समजून त्यानंही तेच केलं होतं म्हणे. तो माझे आभार मानत होता. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही असेल.

नेट लागलं त्या रविवारी मी केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसले. तुझ्या नावापुढचा ठिपका करडा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला वाटलं, कामात असशील.

आणि मग परवा गडहिंग्लजहून तुझ्या आईचा, शांतव्वांचा फोन आला. त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग रडायला लागल्या. "अक्का, पोरगी त्यांला लग्नाला न्हाय म्हणून सांगणार हाय. आत्तीनं कॉम्प्युटर बंद केला, त्यातच सगळं आलं, म्हणत्या." मला तेव्हा समजलं की तू रविवारी काय सांगणार होतीस. तुझ्या ऑफिसातले ते रुद्रेश, निपाणीचे, तू एकदा कॅमेऱ्यावर त्यांचं नाव घेतलंस आणि मग लगेच विषय बदललास, ते मला तेव्हाच दिसलं होतं. तेवढा चौकोन-चौकोन नव्हता झाला चेहरा. फोन ठेवून मी मामांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पोरीनं एकटं का ऱ्हायाचं? तिला सांग, निपाणीला लगीन असंल तर गूळ आमच्याकडनं." आणि चप्पल घालून बाहेर गेले. मी फोन हातात घेतला, तुझा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला, कारण मला माहीत होतं, मी बरी आहेस ना एवढंच विचारणार. म्हणून हे पत्र, आणि ते कुरिअरनं पाठवतेय. त्यांना अजून नाही म्हटलं नसशील तर म्हणू नकोस, म्हटलं असशील तर आज फोन करून परत घे. आम्ही गप्प होतो ते नेट बंद होतं म्हणून, नाराज होतो म्हणून नव्हे. तुला आमची परवानगी लागत नाही, पण तू तिची वाट बघत बसलीस, म्हणून देते: कर लग्न, विद्या. मी आणि मामा येऊ, आणि पाहुणे म्हणून मागं नाही बसणार, तुझ्या आईच्या शेजारी उभी राहीन. शशीसाठी मला अजून रडू आलेलं नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या लग्नात, तू निघताना येईल असं वाटतं. तिथं पोरीची पाठवणी करणाऱ्या बायकांना का रडता असं कुणी विचारत नाही.

तुझीच,
आत्ती